पाकीट आधी उलटे करा : तयार खाण्याचे लेबल कसे वाचावे

बिस्किटांच्या पाकिटामागची बारीक अक्षरे वाचायला चांगले इंग्रजी लागते, ही समजूत आधी बाजूला ठेवा. कायद्याने लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असले की पुरते. मराठी-कोकणी छापणे कंपनीच्या मर्जीवर आहे, म्हणून गोव्यातल्या दुकानांत बहुतेक पाकिटे इंग्रजीच मिळतात. पण सगळ्या पाकिटांवर फिरून फिरून तेच वीस-पंचवीस शब्द येतात. ते ओळखीचे झाले की शाळा सोडून कैक वर्षे झालेली माणसेही लेबल वाचतात. माझ्या सासूबाई आता सोडियमचा आकडा स्वतः शोधतात.

आमच्या घरात हे गरजेपोटी सुरू झाले. लेकीला काजूची ॲलर्जी आहे, सासूबाईंना रक्तदाब आणि सासऱ्यांना मधुमेह. एकच पाकीट तिघांसाठी तीन नजरांनी वाचावे लागते. डॉक्टर पथ्य सांगतात, पण ते पथ्य दुकानातल्या फळीपुढे उभे राहून कसे पाळायचे, हे कोणी समजावून सांगत नाही. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

पाकिटाच्या समोरच्या बाजूला कंपनी तिला सांगावेसे वाटते ते सांगते. मागच्या बाजूला कायद्याने सांगायला लावलेले असते. हे नियम अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि त्याखालचे २०२० चे लेबलिंगचे नियम यांतून आलेले आहेत, आणि त्यांवर देखरेख करणारी संस्था म्हणजे एफएसएसएआय. म्हणून पाकीट हातात आले की ते उलटे करण्याची सवय लावायची.

जवळ काय ठेवाल

- फोन. बारीक अक्षरांचा फोटो काढून मोठा करून पाहता येतो. दुकानात हा उपाय भिंगापेक्षा सोपा.
- फोनमधलाच कॅल्क्युलेटर. एक गुणाकार आणि एक भागाकार लागतो, त्याहून जास्त काही नाही.
- घरातल्या पथ्यांची चिठ्ठी : कोणाला काय चालत नाही आणि कोणता आकडा पाहायचा.
- बिल. तक्रारीची वेळ आली तर बिलाशिवाय अडते, म्हणून महिनाभर तरी जपा.

## १. कोणासाठी घेता ते आधी ठरवा

सगळेच वाचायला बसलात तर दोन दिवसांत कंटाळा येईल. रक्तदाबाच्या माणसासाठी सोडियम, मधुमेहासाठी कार्बोहायड्रेट आणि साखर, ॲलर्जीसाठी 'कंटेन्स'ची ओळ, शिवराक, म्हणजे शाकाहारी, खाणाऱ्यांसाठी चिन्ह. ज्याच्यासाठी घेता त्याची ओळ आधी शोधा. ती पथ्यात बसली नाही तर पाकीट परत फळीवर ठेवा, बाकीचे वाचत बसायची गरज नाही.

## २. चिन्ह पाहा

हे एवढे एक मात्र समोरच्या बाजूला, नावाजवळ असते. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. पूर्वी मांसाहारीलाही ठिपकाच असे. आता त्रिकोण असल्यामुळे ज्यांना हिरवा-तपकिरी फरक नीट दिसत नाही त्यांनाही आकारावरून ओळखता येते.

इथे गोव्यातल्या घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या नियमांत अंडे मांसाहारी धरले जाते. बेबिंका दिसायला साधे गोड, पण त्यात अंड्याचे बलक असतात, म्हणून त्यावर तपकिरी त्रिकोण असतो. सोमवार करणाऱ्या पाहुण्यांपुढे ठेवण्याआधी चिन्ह पाहा. चण्याचे पीठ, गूळ आणि आल्याचे खाजे हिरव्या ठिपक्याचे. दोदोलही पारंपरिक पद्धतीने तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि गूळ घालून केलेले असते, तरी पाकीटबंद घेताना चिन्ह पाहिलेले बरे. केक, काही जेली आणि मार्शमॅलो यांतही अंडे किंवा जिलेटिन असू शकते.

उलट, दूध, दुधाचे पदार्थ आणि मध शाकाहारी धरले जातात. त्यामुळे ज्यांना दूधच चालत नाही त्यांना हिरवा ठिपका पुरेसा नाही. पूर्ण वनस्पतीजन्य पदार्थांसाठी हिरव्या 'व्ही' अक्षराचे वेगळे चिन्ह आहे. मिठावर, तेलावर, पिठावर निळ्या रंगात '+एफ' दिसले तर त्यात लोह, जीवनसत्त्व असे काही वरून घातलेले आहे.

## ३. पदार्थाचे खरे नाव शोधा

मोठ्या रंगीत अक्षरांतले असते ते ब्रँडचे नाव. पदार्थाचे खरे नाव त्याच्या खाली किंवा बाजूला, लहान अक्षरांत असते, आणि फसगत सगळ्यात जास्त इथेच होते.

आईस्क्रीम की फ्रोझन डेझर्ट? दिसायला सारखेच. आईस्क्रीममध्ये दुधाची चरबी असते, फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल किंवा वनस्पती चरबी घातलेली असते. चव आवडत असेल तर जरूर खा, पण आईस्क्रीम समजून पैसे देऊ नका.

ज्यूस की फ्रूट ड्रिंक? नियमानुसार फ्रूट ड्रिंकमध्ये फळाचा रस किमान १० टक्के असला की पुरे, लिंबाच्या बाबतीत ५ टक्के. बाकी पाणी आणि साखर. सांद्र रसात पाणी मिसळून केलेल्या ज्यूसवर 'शंभर टक्के फळांचा रस' असे लिहू नका, असे एफएसएसएआयने जून २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले आहे.

ओआरएस. मुलाला जुलाब झाले की आपण धावत मेडिकलमध्ये जातो आणि समोर ओआरएस लिहिलेले गोड पेय दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांनी नावात ओआरएस हा शब्द वापरू नये, असा आदेश ऑक्टोबर २०२५ मध्ये निघाला. तरीही घेताना पाकिटावर त्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहा. जुलाब झालेल्या लेकराला जास्त साखरेचे पेय दिले तर जुलाब वाढू शकतात, म्हणून हे मी जीव तोडून सांगते.

व्हिनेगर. विंदालू, शोरीस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज), बल्चांव (लोणच्यासारखा आंबट-तिखट प्रकार) यांत माडाच्या सुरेचा, म्हणजे माडीचा, व्हिनेगर पडतो. बाजारात बाटल्या दोन जातींच्या. आंबवून केलेला नैसर्गिक, आणि ॲसेटिक आम्लात पाणी घालून केलेला. दुसऱ्या प्रकारच्या बाटलीवर 'सिंथेटिक, प्रिपेअर्ड फ्रॉम ॲसेटिक ॲसिड' असे लिहिणे बंधनकारक आहे. समोर नारळाचे चित्र असले तरी बाटली फिरवून हे शब्द शोधा.

खोबरेल तेल. कालवणात घालायचे असेल तर बाटलीवर 'एडिबल', एफएसएसएआयचा क्रमांक आणि हिरवा ठिपका हवा. या तिन्हींपैकी काहीच नसेल तर ते केसांना लावायचे तेल समजा, मग रंग-वास कितीही सारखा असो.

भिरंडाचे, म्हणजे कोकमाचे, आगळ की कोकम सरबत? आगळाच्या बाटलीत कोकमचा रस आणि मीठ असते, सिरपमध्ये बहुधा साखर सगळ्यात जास्त. सोलकढीसाठी आगळ हवे. ते मिठाचे असते, म्हणून रक्तदाबाच्या माणसाच्या वाटीत कमी घाला आणि वरून मीठ टाकू नका.

## ४. घटकांची यादी वाचा

'इन्ग्रेडियंट्स' या शब्दाखालची ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. सगळ्यात जास्त असलेली वस्तू पहिली. बहुतेक निर्णय पहिल्या तीन नावांवर होतो. गव्हाचे म्हणून घेतलेल्या ब्रेडच्या यादीत पहिले नाव 'रिफाईन्ड व्हीट फ्लोअर' असेल तर तो मैद्याचा ब्रेड आहे, आणि त्याचा तांबूस रंग १५० क्रमांकाच्या कॅरमेल रंगाचाही असू शकतो. 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' पहिला असेल आणि कंसात टक्केवारी दिली असेल, तर ते खरे.

साखर अनेक नावांनी येते आणि त्यामुळे यादीत विखुरली जाते. शुगर, ग्लुकोज सिरप, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप, हनी, जॅगरी. यादीत यांपैकी तीन-चार नावे वेगवेगळ्या जागी दिसली तर त्यांची बेरीज मनात धरा; कदाचित तीच पहिल्या क्रमांकावर गेली असती. माल्टोडेक्स्ट्रिन फारसे गोड नसते, पण मधुमेहींच्या रक्तातली साखर ते भराभर वाढवते. गूळ घातला म्हणून पदार्थ मधुमेहाला चालतो, असे अजिबात नाही.

तेलाच्या जागी 'पाम ऑईल', 'पामोलिन' हे शब्द पुष्कळदा सापडतील. 'हायड्रोजनेटेड' किंवा 'बेकरी शॉर्टनिंग' दिसले तर मी ते पाकीट घेत नाही. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, त्यामुळे पूर्वीइतका धोका उरलेला नाही. पण पर्याय असताना घ्यावे कशाला?

यादीच्या शेवटी आकडे येतात, आणि लोक घाबरतात ते इथेच. हे आयएनएस क्रमांक. परवानगी असलेल्या प्रत्येक मिश्रकाला एक आंतरराष्ट्रीय क्रमांक दिलेला असतो आणि त्याच्या आधी त्याचे काम लिहिलेले असते. सगळेच वाईट नसतात : ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असते तेच. ५०० म्हणजे खायचा सोडा. ३२२ लेसिथिन, बहुधा सोयाबीनचे. आमच्या घरी लक्ष ठेवून पाहतो ते असे :

- १०२, ११०, १२२, १२४ : कृत्रिम पिवळे, केशरी, लाल रंग. भारतात असे आठ कृत्रिम रंग ठरावीक पदार्थांत, ठरावीक प्रमाणात चालतात. तरी आगळात, लोणच्यात किंवा मसाल्यात रंगाचा आकडा दिसला तर मी विचारते, की चांगल्या मालाला रंग कशाला लागतो?
- २११ आणि २०२ : टिकवण्यासाठी घातलेले बेंझोएट आणि सॉर्बेट.
- २२० ते २२४ : सल्फाइट. सुक्या फळांत आणि वाईनमध्ये असते. दम्याच्या काही रुग्णांना त्याने त्रास होतो.
- २५० : सोडियम नायट्राइट. कारखान्यातल्या सॉसेज, हॅम, सलामीत.
- ६२१, ६२७, ६३१ : चव वाढवणारे.
- ९५१, ९५५ : ॲस्पार्टेम आणि सुक्रालोज, साखरेऐवजीचे गोडवे.
- ५०८ : पोटॅशियम क्लोराइड. 'लो सोडियम' मिठात हेच असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.

६३१ मध्ये डुकराची चरबी असते, असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरत असतो. हे मिश्रक आंबवूनही करता येते आणि प्राणिजन्य पदार्थापासूनही. प्राणिजन्य असेल तर पाकिटावर हिरवा ठिपका छापता येत नाही. म्हणजे उत्तर पुन्हा चिन्हातच आहे.

२०२४ च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने गाड्यांवरच्या गोबी मंचुरियनवर बंदी घातली, तेव्हा कृत्रिम रंगांचा विषय घराघरांत बोलला गेला. गाड्यावरच्या ताटलीला लेबल नसते. पाकिटाला असते, आणि ते वाचायचा हक्क आपला आहे.

## ५. ॲलर्जीची ओळ

घटकांच्या यादीखाली 'कंटेन्स' म्हणून ठळक ओळ असते. नियमाने या गोष्टी तिथे सांगाव्याच लागतात : ग्लूटेन असलेली धान्ये, कवचाचे जलचर म्हणजे सुंगटे-कुर्ल्या (कोळंबी-खेकडे), दूध, अंडे, मासळी, शेंगदाणा व काजू-बदामासारखे सुके मेवे, सोयाबीन आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट.

'मे कंटेन' ही ओळ वेगळी. पदार्थात ती वस्तू घातलेली नाही, पण त्याच कारखान्यात, त्याच यंत्रावर तिचा दुसरा माल होतो, असा तिचा अर्थ. ज्याला ॲलर्जी नाही त्याने ती सोडून दिली तरी चालेल. ज्याला तीव्र ॲलर्जी आहे त्याने ती 'कंटेन्स'इतकीच खरी मानावी. आमच्याकडे लेकीसाठी 'मे कंटेन नट्स' लिहिलेले काहीही येत नाही, मग ती साधी चिक्की असो वा चॉकलेट.

गोव्यात काजू कुठे नसतो? मिठाईत, ग्रेव्ही मसाल्यात, पेस्ट्रीत, फरसाणात. आणि सुंगटांची ॲलर्जी असलेल्यांनी लोणच्याच्या फळीपाशी जपून राहावे. आंब्याचे मिसकुट (लोणचे) आणि सुंगटांचे बल्चांव अनेकदा एकाच घरगुती कारखान्यात भरले जातात. लहान उत्पादकाच्या बाटलीवर 'मे कंटेन' नसेल तर सरळ विचारा. बाई-माणसे बहुतेक वेळा खरे सांगतात.

कंपनी घटक गुपचूप बदलत नाही, ते लेबलवर लिहिते; पण आपण ओळखीचे पाकीट म्हणून बघत नाही. ॲलर्जीच्या घरात प्रत्येक वेळी, प्रत्येक नवे पाकीट वाचायचे. याला सूट नाही.

## ६. पोषणाचा तक्ता : १०० ग्रॅमचा रकाना धरा

तक्त्यात दोन-तीन रकाने असतात. 'पर १०० ग्रॅम', 'पर सर्व्ह' आणि टक्के. तुलना करायची तर फक्त पहिल्या रकान्याने. 'सर्व्ह', म्हणजे एका वेळचे खाणे, किती ग्रॅमची, हे कंपनी ठरवते.

उदाहरण घ्या. एका शेवेच्या पाकिटावर ३० ग्रॅमच्या सर्व्हमध्ये ४२० मिलिग्रॅम सोडियम आहे, दुसऱ्यावर २० ग्रॅमच्या सर्व्हमध्ये ३००. वरवर दुसरे कमी खारट वाटते. १०० ग्रॅमचा हिशोब केला तर पहिल्यात १४०० आणि दुसऱ्यात १५००. दुसरेच जास्त खारट.

टक्क्यांचा रकाना दिवसभराच्या या प्रमाणावर काढलेला असतो : ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण चरबी ६७ ग्रॅम, संतृप्त चरबी २२ ग्रॅम, ट्रान्स फॅट २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, सोडियम २००० मिलिग्रॅम. हे निरोगी प्रौढाचे प्रमाण आहे. शाळकरी मुलाचे किंवा मधुमेहाच्या माणसाचे नाही.

सोडियमचे मीठ कसे करायचे. सोडियमच्या मिलिग्रॅमला अडीचने गुणा, हजाराने भागा, मिठाचे ग्रॅम मिळतात. समजा नूडल्सच्या पाकिटावर १०० ग्रॅमला १२०० मिलिग्रॅम आहे आणि पाकीट ७० ग्रॅमचे आहे. पूर्ण पाकिटात ८४० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे २.१ ग्रॅम मीठ. दिवसाचे ५ ग्रॅम मीठ धरले तर ४२ टक्के एका खाण्यात गेले, आणि दुपारचे हुमण (माशांचे कालवण), लोणचे, पापड अजून व्हायचेच आहे. सासूबाईंना हा हिशोब एकदा कागदावर करून दाखवला, त्यानंतर त्यांना काही सांगावे लागले नाही.

साखर. दोन ओळी असतात. 'टोटल शुगर्स' म्हणजे सगळी, दुधातली आणि फळातली धरून. 'ॲडेड शुगर्स' म्हणजे वरून घातलेली. दह्यात, दुधात पहिली दिसणारच. पाहायची ती दुसरी. चार ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा धरा. १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम साखर असलेले पेय २०० मिलिलिटर प्यायले की सहा चमचे साखर पोटात गेली.

मधुमेहींनी साखरेच्या ओळीवर थांबू नये. 'शुगर फ्री' बिस्किटांत साखर नसते, मैदा तसाच असतो. कार्बोहायड्रेटचा आकडा १०० ग्रॅमला साठ-सत्तरच्या घरात सापडणे अगदी नेहमीचे. सासऱ्यांसाठी मी आधी तोच पाहते.

किती म्हणजे जास्त, याचा अंदाज येण्यासाठी ब्रिटनमध्ये पाकिटांवर लाल रंग दाखवायला जी रेघ वापरतात ती मला सोयीची वाटते. १०० ग्रॅम पदार्थात साखर २२.५ ग्रॅमच्या वर, संतृप्त चरबी ५ ग्रॅमच्या वर, मीठ १.५ ग्रॅमच्या वर, म्हणजे सोडियम ६०० मिलिग्रॅमच्या वर गेले की तो पदार्थ जास्तीचा. आपल्याकडे हा कायदा नाही, पण दुकानात उभ्या उभ्या ठरवायला उपयोगी पडतो.

अगदी लहान पाकिटांना तक्ता आणि घटकांची यादी छापण्यातून सूट असते. ती माहिती मोठ्या बाहेरच्या पाकिटावर मिळते. पसरकाराकडे, म्हणजे किराणा दुकानदाराकडे, माळ लटकवलेली असेल तर बाहेरचे पाकीट दाखवायला सांगा.

## ७. समोरच्या दाव्यांना मागून तपासा

दाव्यांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत आणि त्यांत आकडे ठरलेले आहेत. 'शुगर फ्री' म्हणजे १०० ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको. 'लो फॅट' म्हणजे घट्ट पदार्थात ३ ग्रॅमपर्यंत चरबी. 'हाय फायबर' म्हणायला किमान ६ ग्रॅम तंतू हवेत. 'नो ॲडेड शुगर' म्हणजे वरून घातलेली नाही एवढेच. पदार्थाची स्वतःची असू शकते. दावा वाचला की मागे तो आकडा शोधायचा, एवढेच काम. 'आजीच्या हातचे', 'घरगुती चव' यांना तपासायला आकडाच नाही, म्हणून त्यांच्यावर पैसे जास्त देऊ नका.

## ८. तारीख आणि साठवण

'युज बाय' किंवा 'एक्स्पायरी' ही तारीख उलटली की खायचे नाही. 'बेस्ट बिफोर' ही आता जास्तीची माहिती आहे. त्या तारखेनंतर चव, कुरकुरीतपणा उतरतो. कुठे तारखेऐवजी 'पॅकिंगपासून सहा महिने' लिहिलेले असते. तिथे पॅकिंगची तारीख शोधून बोटांवर मोजा. तारखेवर चिकटपट्टी लावून दुसरी तारीख छापलेली दिसली तर ते पाकीट घेऊ नका आणि दुकानदाराला दाखवा.

ही तारीख बंद पाकिटाची आणि लेबलवर लिहिल्याप्रमाणे ठेवलेल्या मालाची असते. 'कूल, ड्राय प्लेस' हे गोव्यात जून ते सप्टेंबर कुठे मिळते? पावसाळ्यात मीठ भांड्यात पाणी सोडते, तिथे मसाला, पीठ, काजू यांचे काय होत असेल. पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, माल भरताना पॅकिंगची तारीख ताजी असलेलीच पाकिटे घ्या, लहान घ्या, आणि फोडल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत ओता. बरणीवर फोडल्याची तारीख लिहा. काजू-शेंगदाण्याला खवट वास किंवा बुरशी दिसली तर तारीख शिल्लक असली तरी टाकून द्या; बुरशीतले विष भाजून जात नाही.

गोठवलेल्या पदार्थांवर उणे १८ अंश लिहिलेले असते. पावसात वीज जाते-येते, फ्रीजर बंद पडतो. वाटाणे किंवा सुंगटे पाकिटात सुटे न राहता एकच बर्फाचा गोळा झाले असतील, तर माल एकदा वितळून पुन्हा गोठला आहे. तो नको.

गणेश चवथीच्या दिवसांत सुटी मिठाई भरपूर घेतली जाते. दुकानात ट्रेवर 'बेस्ट बिफोर'ची तारीख लावावी, हा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे. पाटी नसेल तर विचारा.

## ९. परवाना क्रमांक

एफएसएसएआयच्या चिन्हाखाली १४ आकड्यांचा क्रमांक असतो. पहिला आकडा १ म्हणजे परवाना, २ म्हणजे लहान उत्पादकाची नोंदणी. पुढचे दोन राज्याचे : गोवा ०६, कर्नाटक १२, महाराष्ट्र १५, आणि ०० असेल तर केंद्रीय परवाना. त्यापुढचे दोन वर्षाचे. फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक घातला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे की नाही ते दिसते.

क्रमांक असणे म्हणजे पदार्थ चांगला असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. उत्पादक सरकारच्या नोंदीत आहे, तक्रार आली तर सापडेल, एवढाच त्याचा अर्थ. पण तेवढाही अर्थ मोठा आहे. पणजीच्या लोकोत्सवात किंवा जत्रेत महिला गटांचे लोणचे, पापड, मसाले मी आवडीने घेते. २०६ ने सुरू होणारा क्रमांक पाहते, नसेल तर बाईंना सांगते की नोंदणी करून घ्या, तुमचाच माल जास्त विकला जाईल.

क्रमांकात ०६ आहे म्हणून काजू गोव्यात पिकले असे समजू नका. कच्चे काजू आफ्रिकेतून येऊन इथे फोडले-भाजले जातात, असाही माल बाजारात असतो. पाकिटावरचे डब्ल्यू २४० किंवा डब्ल्यू ३२० हे आकडे एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात ते सांगतात. आकडा लहान तेवढा गर मोठा. पिकले कुठे, ते या आकड्यांतून कळत नाही.

परदेशी चीज, सार्डिनचे डबे, ऑलिव्ह तेल गोव्यात सर्रास मिळते. त्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि एफएसएसएआय क्रमांक असलेली पट्टी हवी. पट्टीच नसेल तर तो माल कोणत्या वाटेने आला याची खात्री नाही.

## १०. वजन आणि किंमत

'नेट क्वांटिटी' आणि एमआरपी पाहा. हल्ली शेजारी ग्रॅममागची किंवा किलोमागची किंमतही छापलेली असते. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते असे नाही, ते या आकड्यावरून लगेच कळते. दुकानात एमआरपीच्या वर 'थंड केल्याचे' पैसे घेता येत नाहीत, किनाऱ्यावरही नाहीत.

## ११. गडबड आढळली तर

१. पाकीट फेकू नका. उरलेला पदार्थ त्याच पाकिटात, गरज असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. बॅच किंवा लॉट क्रमांक, तारीख, परवाना क्रमांक आणि बिल यांचे फोटो काढा.

२. पाकिटावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर कळवा आणि तक्रार क्रमांक मागा. तोंडी बोलण्यावर थांबू नका, ईमेलही करा.

३. पदार्थाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर बांबोळीचे अन्न व औषध प्रशासन संचालनालय, किंवा एफएसएसएआयचे फूड सेफ्टी कनेक्ट ॲप, किंवा १८००११२१०० हा क्रमांक. वजन कमी भरले किंवा एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर वजनमाप खाते. कुठे जायचे ते कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

४. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

५. भेसळीचा दाट संशय असेल तर कायद्याच्या कलम ४० खाली ग्राहक स्वतः नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट अशी की विकत घेतानाच दुकानदाराला तसे सांगावे लागते. तपासणीची फी आधी भरावी लागते. नमुना नियमात बसत नाही असा अहवाल आला तर ती परत मिळते.